पंपाची बारीक शीळ

अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंचा कॉम्प्युटर मी एकाच दिवशी दुरुस्तही केला आणि बिघडवलाही. दुरुस्त केल्याचं मला लगेच कळलं. बिघडवल्याचं कळायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत मी त्या बाईंना एक असं वाक्य बोललो की ते आठवलं की अजून मान खाली जाते.

माझं दुकान उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये. राहायला बदलापूर. कॉम्प्युटरच्या धंद्यात मी उशिरा आलो. त्याआधी सतरा वर्षं अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकलच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो, पंप सेक्शनमध्ये. कारखाना बंद पडला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. हातात स्क्रूड्रायव्हर धरायची सवय होती, म्हणून एका ओळखीच्या दुकानात बसून कॉम्प्युटर उघडायला शिकलो आणि दोन वर्षांनी स्वतःचा गाळा घेतला.

सुरुवातीला मी आमच्या गल्लीतला एक साधा रिपेअरवाला होतो. पुढे लिक्विड कूलिंगची मशीन यायला लागली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटारीच्या इंजिनाला जसा रेडिएटर असतो तसाच हा प्रकार. कॉम्प्युटरचा प्रोसेसर तापतो. त्याच्यावर मुठीत मावेल एवढी एक डबी बसवलेली असते आणि त्या डबीतच छोटा पंप असतो. डबीतून दोन रबरी नळ्या निघतात, त्या रेडिएटरला जातात, रेडिएटरवर पंखे. पाणी फिरत राहतं, उष्णता बाहेर जाते. सगळं कंपनीतून सीलबंद येतं. आमच्या गल्लीतले बाकीचे रिपेअरवाले या मशीनला हात लावायला घाबरायचे. कॉम्प्युटरमध्ये पाणी, ही कल्पनाच त्यांना मानवत नव्हती. शेजारचे सिंधी शेठ कुणी असं मशीन घेऊन आला की त्याला थेट माझ्याकडे पाठवायचे. "साईं, वो पंपवाले के पास जाओ." त्यामुळे गल्लीत माझं नाव पंपवाला पडलं आणि मला ते आवडायचं.

पंप ऐकायला मला माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं. कारखान्यातले आमचे हेड फिटर. त्यांची पद्धत अशी, की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचं आणि मूठ कानाच्या पुढच्या हाडाला लावायची. बाहेरचा सगळा गोंगाट मागे पडतो आणि पंपाच्या आतलं ऐकू येतं. उस्ताद स्क्रूड्रायव्हर नेहमी माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "सांग, काय म्हणतोय?" मी सांगायचो, कोरडं घासतंय, किंवा आत वाळू पडल्यासारखं वाजतंय. ते मान डोलवायचे आणि काय करायचं ते सांगायचे. स्वतः आधी कधी बोलायचे नाहीत. उत्तर आधी सांगत नाहीत, शिष्याला शोधायला लावतात, म्हणून मला त्यांचा फार आदर वाटायचा.

तर त्या बाई. वयाने चाळिशीच्या आसपास. आधी शाळेत शिकवायच्या, मग सासऱ्यांच्या आजारपणात नोकरी सोडली. घरातल्या छोट्या खोलीत बसून त्या शाळेची पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायच्या, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांसाठी. खोलीच्या भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या, खिडकीला गादी लावलेली. कॉम्प्युटर त्यांच्या भावाचा. तो व्हिडिओचं काम करायचा. परदेशी जाताना त्याने हे भारी मशीन बहिणीला दिलं. पाण्याचं मशीन आहे म्हणजे शांत असेल, असं त्यांना वाटलं होतं.

"दादा, हे सकाळी सुरू केलं की गुरगुरतं," त्या म्हणाल्या. "नळाला पाणी यायच्या आधी पाइप कसा करतो, तसं."

मी मशीन सुरू केलं आणि अर्ध्या मिनिटात रोग कळला. तो आवाज पंपात अडकलेल्या हवेचा. या बंद यंत्रणांमध्ये थोडी हवा असतेच. हवा नेहमी सगळ्यात उंच जागा धरते. ज्याने कुणी हे मशीन जोडलं होतं त्याने रेडिएटर कॉम्प्युटरच्या पेटीच्या तळाला लावला होता, त्यामुळे सगळ्यात उंचावर पंप आला होता. सगळी हवा त्याच्यात जाऊन बसायची आणि पंप पाण्याऐवजी हवाच चावत बसायचा. उपाय सोपा आहे. रेडिएटर उचलून वर, पेटीच्या छताला लावायचा. मग हवा रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसते आणि पंपाला नुसतं पाणी मिळतं.

ते करायला दोन तास लागले. सगळ्या वायरी सोडल्या, रेडिएटर वर घेतला, परत जोडलं. पेटी दोन्ही बाजूंना हळूहळू कलती केली, तेव्हा नळीतून बुडबुडे वर गेल्याचं बोटांना जाणवलं. मशीन सुरू केलं. गुरगुर गेली होती. बाईंनी चहा केला. मी त्यांना हवा आणि पाण्याचं सगळं समजावून सांगितलं, जरा ऐटीतच.

चार दिवसांनी त्यांचा फोन.

"दादा, गुरगुर गेली. पण आता एक बारीक शिट्टी येते."

मी संध्याकाळी घरी जाता जाता वाटेत थांबलो. मशीन सुरू केलं, कान लावला. पंख्यांची मंद हवा, बस्स. स्क्रूड्रायव्हर पंपाच्या टोपणावर टेकवून हाडाला लावला. छान, एकसारखं घूं.

"मॅडम, पंप उत्तम आहे. शिट्टी कुठेच नाही."

"आत्ता पण येतेय," त्या म्हणाल्या.

"पंख्यांची असेल. नवीन जागी बसवलेत, आठवडाभरात रुळतील."

हे मी ठोकून दिलं. पंखे असे रुळत वगैरे नाहीत. पण मला काही ऐकू येत नव्हतं आणि काहीतरी उत्तर द्यायचं होतं.

दोन आठवड्यांनी परत बोलावणं. या वेळी त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि मोबाइलवर एका मुलीचा निरोप ऐकवला. त्यांचे धडे ऐकणारी मुलगी, नववीतली. "ताई, धडा मस्त आहे, पण मागे शिट्टी वाजते. हेडफोन लावून दहा मिनिटांच्या वर ऐकवत नाही. डोकं दुखतं."

"अशी तक्रार याआधी कधी आली नव्हती," बाई म्हणाल्या. "तुम्ही काम करून गेल्यापासूनच आहे."

ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. मी परत कान लावला. परत काही नाही. मग मी ते बोललो.

"मॅडम, असं बंद खोलीत तासन् तास बसलं ना, की आपल्याच डोक्यात वाजायला लागतं. तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "बसा. एक दाखवते."

त्यांनी एक मिनिट न बोलता नुसत्या खोलीचं रेकॉर्डिंग केलं आणि त्याचं चित्र स्क्रीनवर काढलं. खाली जाड आवाज, वर बारीक आवाज, असं ते चित्र असतं. खाली पंख्यांचा फिकट ढग दिसत होता. आणि वर, बऱ्याच उंचीवर, एक सरळ पातळ चमकदार रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.

"ही माझ्या डोक्यात आहे का?" त्यांनी विचारलं, साध्या आवाजात.

मग त्यांनी बाकीचं सगळं पुसून फक्त ती रेघ ठेवली आणि स्पीकरवर लावली. "आता येतो ऐकू?"

मी थांबलो. खोली शांत होती. त्यांनी आवाज वाढवला. अजून वाढवला. त्यांचा चेहरा आक्रसला, एक हात आपोआप कानावर गेला. बाहेरच्या खोलीतून त्यांच्या सासऱ्यांनी ओरडून विचारलं, "काय वाजतंय गं ते?" आणि मी तिथे, स्पीकरपासून हातभर अंतरावर, बसून होतो आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "आता येतोय."

खोटं बोललो. एक पार्ट बघावा लागेल, दोन-चार दिवसांत येतो, असं सांगून पिशवी उचलली आणि खाली आलो. स्कूटर सुरू करायच्या आधी बराच वेळ तिच्यावर नुसता बसून राहिलो. रस्त्यावर फुलंवाली होती, बेलाची पानं घेऊन लोक देवळाकडे चालले होते. त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं, रिक्षाचा हॉर्न येत होता. सगळं येत होतं. मग ती रेघ का आली नाही?

घरी आलो तर बायकोला कणकण होती. तिने काखेत थर्मामीटर लावला होता, तो बॅटरीवाला. थोड्या वेळाने तिने तो काढून बघितला.

"तुला कसं कळलं झालं म्हणून?" मी विचारलं.

"वाजला की."

"हा वाजतो?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "अहो, चांगला मोठ्याने वाजतो. तुम्हाला काय वाटलं?"

मला वाटलं होतं की त्याचा बझर केव्हाच गेलाय. मी मनात आकडे मोजून तो काढायचो. मी तिला परत लावायला सांगितलं आणि तिच्या शेजारी बसलो. ती म्हणाली, "हा बघा, वाजतोय." मी तिच्या काखेपाशी कान नेला. काही नाही.

मग तिने एकेक सांगायला सुरुवात केली. वॉशिंग मशीन झालं की वाजतं, मी कधी उठत नाही. फोनवर कुणी 'सात' म्हटलं तर मी 'आठ' ऐकतो. ती स्वयंपाकघरातून बोलते तेव्हा मी हो म्हणतो आणि भलतंच करतो. तिला वाटायचं मी तिच्या बोलण्याकडे लक्ष देत नाही.

"किती वर्षं झाली?"

"सात-आठ तरी."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले होते," ती म्हणाली. "तेच तुम्हाला ऐकू आलं नसेल."

आम्ही दोघंही हसलो, पण मला रडूही येत होतं.

कान तपासायला मी एकटा गेलो. काचेच्या छोट्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन देतात, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला मी धडाधड दाबत होतो. मग मध्येच मोठी शांतता आली. मला वाटलं, यांचं यंत्र बंद पडलं. काचेतून बघितलं तर त्या तपासणाऱ्या मॅडम काम करतच होत्या. बोटं हलत होती, आवाज जात होते, माझ्यापर्यंत पोचत नव्हते.

नंतर त्यांनी कागद दाखवला. रेघ डावीकडून सरळ चालत येते आणि मग अचानक पायऱ्या उतरून खाली जाते. "मोठ्या आवाजाच्या ठिकाणी काम केलंय का?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सतरा वर्षं, पंप हाऊस. कानात बोळे घालत होतात का? कधी साहेब आले तर, मी म्हणालो. बोळे घातले तर पंप ऐकणार कसा?

बारीक आवाज गेलेत ते परत येणार नाहीत, कानाचं मशीन लावलं तर बोलणं स्पष्ट होईल, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि दुकानात न जाता चामटोलीला गेलो, उस्तादांकडे.

चामटोली बदलापूरपासून जवळ. उस्ताद मूळचे तिथलेच, घरची भातशेती. नोकरीत असताना रोज ये-जा करायचे. आता सत्तरी पार केलेली. अंगणात विळ्याला धार लावत बसले होते. मी समोर येऊन उभा राहिलो तेव्हा त्यांनी वर पाहिलं. मी बसलो आणि कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला, लांब धरून बघितला आणि म्हणाले, "कान?"

"हो. बारीक आवाज गेले."

"माजं कवाच गेलं," ते म्हणाले. "तू कामाला लागलास ना, त्याच्या आदीपासून."

मला नीट कळलं नाही. मी परत विचारलं.

"आरं, मना आयकूच येत न्हवता. हेड फिटर मी, आनि पंप आयकू येत नाय. कोनाला सांगनार? काडून टाकला असता. मंग तू आलास. तुजं कान चांगलं व्हतं. स्क्रूड्रायव्हर तुज्या हातात दिला."

"तुम्ही मला शिकवत होतात," मी म्हणालो.

"शिकवत बी व्हतो," ते म्हणाले. "पन आदी इचारत व्हतो."

त्यांच्या सुनेने पाणी आणून दिलं. मला राग आला का, हे मी स्वतःला नंतर पुष्कळदा विचारलं. नाही आला. तीस माणसांच्या त्या सेक्शनमध्ये हा माणूस इतकी वर्षं भीती धरून वावरला आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही, याचं वाईट मात्र वाटलं. आणि हेही लक्षात आलं की त्यांचं निदान कधी चुकलं नाही. मी जे सांगायचो त्यावरून ते बरोबर ठिकाणी हात घालायचे. ऐकणं माझं होतं, समजणं त्यांचं होतं.

"एका बाईला मी तुझ्या डोक्यात वाजतंय म्हणालो," मी त्यांना सांगितलं.

त्यांनी विळा बाजूला ठेवला. "मंग जा, आनि तिलाच इचार."

दुसऱ्या दिवशी मी दुपारीच अंबरनाथला गेलो. दारातच सांगून टाकलं. "मॅडम, मागच्या वेळी मी खोटं बोललो. तुमचा तो आवाज मला ऐकू येत नव्हता. मला बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. कालच तपासून आलो." खिशातला कागदही दाखवला, पुरावा म्हणून.

त्यांनी कागद पाहिला. मग म्हणाल्या, "मग आज कसं शोधणार?"

"तुम्ही ऐका. मी शोधतो."

आम्ही असं ठरवलं. त्यांनी डोळे मिटून खुर्चीत बसायचं. शिट्टी येत असेल तोवर हात वर. थांबली की हात खाली. मी एकेक गोष्ट बंद करत जाणार. आवाज शोधायची हीच खरी पद्धत आहे. कान कितीही चांगला असो, पेटीच्या आत आवाज भिंतींवर आपटून कुठूनही आल्यासारखा वाटतो. एकेक बंद केल्याशिवाय खात्री होत नाही.

त्यांनी हात वर केला. मी आधी रेडिएटरचे पंखे बोटाने थांबवले. हात वर. मागचा पंखा थांबवला. हात वरच. मला संशय होता की वीज देणाऱ्या डब्यातून किंवा ग्राफिक कार्डातून शीळ येत असावी, तिथेही कधीकधी येते. स्क्रीनवर एक जड काम सुरू केलं म्हणजे त्या दोघांवरचा भार बदलेल. काम सुरू झालं, मशीन तापायला लागलं, आणि बाईंनी डोळे उघडले.

"दादा, शिट्टी बदलली. वर चढली, आणि आता जवळजवळ गेली."

हे विचित्र होतं. मशीन तापलं की आवाज गेला. काम बंद केलं, मशीन थंड झालं, त्यांचा हात परत वर.

मग मी मशीन मोकळं ठेवून फक्त पाच सेकंदांसाठी पंपाची वायर उपसली. त्यांचा हात धपकन मांडीवर पडला. वायर लावली, हात वर. परत उपसली, हात खाली. दोघांच्याही मनात काही शंका राहिली नाही. शीळ पंपाची होती.

पण गरम झाल्यावर पंपाची शीळ का जावी? पंपाला एकाच दाबाने वीज मिळायला हवी. मशीन गरम असो, थंड असो, त्याने एका वेगाने फिरायचं असतं. मी वायर बोटांत धरली आणि तिच्या मागे मागे मदरबोर्डपर्यंत गेलो. ती ज्या सॉकेटला लावली होती ते पंपाचं सॉकेट नव्हतं. ते पेटीच्या पंख्याचं होतं. पंख्याच्या सॉकेटला बोर्ड स्वतःच वीज कमी-जास्त करतो. मशीन थंड असलं की कमी, तापलं की पूर्ण. म्हणजे मशीन निवांत असताना पंपाला अर्धपोटी ठेवलं जात होतं, आणि तो अर्ध्या विजेवर शिट्टी मारत होता. बाई वाचायच्या तेव्हा मशीन निवांतच असायचं.

आणि ती वायर तिथे मीच लावली होती. रेडिएटर वर घेतला त्या दिवशी वायर तिच्या मूळ जागेपर्यंत पोचत नव्हती, म्हणून जवळच्या सॉकेटला लावून टाकली. फरक पडत नाही, असं मनात म्हणालो होतो तेही मला आठवलं.

मी पेटीत डोकं घालून जरा जास्तच वेळ राहिलो. पंप खराब झालाय, नवीन टाकू, एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं. नवीन पंप मी योग्य सॉकेटला लावला असता, शीळ गेली असती, कुणाला काही कळलं नसतं. पण मला चामटोलीचं अंगण आठवलं आणि मी डोकं बाहेर काढलं.

"मॅडम, सापडलं. आणि चूक माझी आहे." मी त्यांना दोन्ही सॉकेट दाखवली, टॉर्च मारून.

त्यांनी वाकून नीट पाहिलं. शिक्षिका होत्या, अर्धवट समजलेलं त्यांना चालायचं नाही. वीज कमी-जास्त कशी होते तेही विचारून घेतलं. मग सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे माझं डोकं ठीक आहे."

"तुमचं एकदम ठीक आहे," मी म्हणालो. "मी तसं बोलायला नको होतं."

"नव्हतंच बोलायला पाहिजे," त्या म्हणाल्या. आणि मग हसल्या. "माहितीये, मी खरंच डॉक्टरकडे जाणार होते. सासऱ्यांनी सांगितलं, मलाही ऐकू येतंय, तेव्हा थांबले."

वायर पोचवायला मागची पत्र्याची झाकणी काढून सगळा गुंता नव्याने ओवावा लागला. पंप त्याच्या सॉकेटला लावला, सेटिंगमध्ये जाऊन वेग कायम पूर्ण ठेवला. मशीन सुरू केलं. बाई डोळे मिटून बसल्या. मी त्यांच्या हाताकडे बघत उभा. हात हलला नाही.

"घूं असं काहीतरी आहे," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण ते खाली आहे. माझ्या आवाजाच्या आड येत नाही."

ते घूं मला ऐकू येत होतं. मी स्क्रूड्रायव्हर टेकवून पुन्हा ऐकलं. पूर्ण विजेवर पंप छान चालला होता.

"आत्ताच एक धडा करून बघते," त्या म्हणाल्या. "पण मग तुम्हाला हलता येणार नाही. दार उघडलं की आवाज येतो."

मी जमिनीवर बसलो, रजईला टेकून. अवजारं पसरलेली होती, ती गोळा करायलाही मनाई. त्यांनी पाणी प्यायलं, घसा साफ केला आणि सहावीच्या विज्ञानातला बियांचा धडा वाचायला घेतला. बी कसं रुजतं, आधी मूळ येतं की कोंब. चांगल्या वाचायच्या. सावकाश, आणि जिथे पुस्तकात चित्र असेल तिथे थांबून, चित्रात काय आहे ते शब्दांत सांगायच्या. अर्धा तास मी न हलता बसलो होतो. पायाला मुंग्या आल्या. त्यांच्या बोलण्यातला प्रत्येक 'स' आणि 'श' मला पुसट येत होता हे मी पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकलं. आजवर मी ती अक्षरं अंदाजाने भरून घेत होतो.

वाचून झाल्यावर त्यांनी चित्र काढलं. वरची रेघ गेली होती.

पुढच्या महिन्यात मी कानाचं मशीन घेतलं. पहिले चार दिवस जीव नकोसा झाला. प्लॅस्टिकची पिशवी चुरगळली की दचकायचो. बायको म्हणाली, आता तुमच्याशी हळू बोलता येतं, घसा वाचला. मशीन लावूनही पंपाची बारीक शीळ मला नीट कळत नाही. बोलणं कळतं, ते पुष्कळ आहे. उस्तादांनाही त्यांच्या मुलाने तपासायला नेलं. त्यांनी मशीन घेतलं, पण डबीत ठेवतात. फक्त गावात भजन असलं की लावतात.

दुकानात मी आता गिऱ्हाईक आलं की आधीच सांगतो. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, तुम्ही जवळ बसा आणि ऐकून सांगा. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा एक जण मशीन उचलून दुसरीकडे गेला. शेजारचे शेठ म्हणाले, "ऐसा बोलोगे तो धंदा कैसे चलेगा?" पण बाकीचे बसले. आणि लोकांना ऐकायला बसवलं की ते काय काय सांगतात! हवा अडकली असेल तर, हुक्का ओढल्यासारखं, असं एकाने सांगितलं. शहाडच्या एक निवृत्त नर्सबाई नातवाचं मशीन घेऊन आल्या होत्या. त्यांनी दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "रवा भाजताना उलथनं कढईच्या तळाला लागतं ना, तसं करतंय. आणि मध्येच एक घास अडकतो."

मी पंप उघडूनसुद्धा बघितला नाही. बेअरिंग गेलं होतं.